नालिकोंबेच्या रिकाम्या ओळी

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. मलावीतल्या झोंबा गावी, डोंगराच्या पायथ्याच्या विद्यापीठात, अगदी शेवटच्या खोलीत मी टांगलेला आहे. सितोलो नावाच्या सुताराने मला घडवले. तांबूस लाकडाची चौकट ठोकली, दोनदा काळा रंग दिला, खडू ओढून पाहिला आणि म्हणाला, "आता सोस बाबा या शिकलेल्या लोकांना!"

माझ्यावर सर्वांत जास्त लिहिले ते डॉ. एस्नार्ट गोंडवे यांनी. त्या एम.एस्सी.च्या मुलांना डेटा मायनिंग शिकवत, म्हणजे माहितीच्या ढिगातून कामाचे काही शोधून काढण्याची विद्या. पहिला महिनाभर त्या संगणक उघडूच देत नसत. बाजारातल्या वीस बायकांच्या टोपल्यांत काय काय आहे, ते माझ्यावर मांडत. कुणाच्या टोपलीत सुकी मासळी आणि टोमॅटो, कुणाच्या मक्याचे पीठ आणि मीठ. कोणत्या वस्तू जोडीने येतात, ते मुलांनी बोटांवर मोजायचे.

"मॅडम, संगणक हे चुटकीसरशी सांगतो," मुले कुरकुरत.

"त्याला कळतंय रे बाबांनो! तुम्हाला कळतंय का, ते बघतेय मी."

एका वर्षी अकरा मुले होती. नोकऱ्या मिळाल्या तशी ती पांगली. प्रबंधापर्यंत एकटा लिंबानी उरला. मॅडम त्या एकट्यासाठीही पूर्ण फळा भरून शिकवत.

लिंबानीकडे आरोग्य केंद्रांतून आलेल्या बाळांच्या चार हजार नोंदी होत्या. सारख्या नोंदींचे गट पाडायचे आणि कुठली बाळे खंगत आहेत ते शोधायचे, हे त्याचे काम. गट छान पडले, त्यांचा नकाशाही तयार झाला. प्रबंध द्यायला नऊ दिवस उरले होते.

"चार हजार नोंदींतल्या तीनशे बारा ओळी कमी कशा रे?" मॅडमनी विचारले.

"त्यांत वजनच नव्हतं, मॅडम. काढून टाकल्या."

"कुठल्या केंद्रातल्या होत्या?"

लिंबानी नोंदींचे कागद चाळू लागला.

"लिही फळ्यावर. एकेक."

तो लिहू लागला. थोड्याच वेळात एकच नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले: नालिकोंबे. सरोवराच्या दलदलीपलीकडचे केंद्र. त्याचा हात मंदावला.

"मॅडम, आता तिकडे गेलो तर पदवी वर्षभर लांबेल. आई वाट बघतेय."

"जा असं मी म्हणत नाही. प्रबंधावर सही हवी असेल तर आत्ता करते. फक्त तुझ्या नकाशात तिथे बाळंच नाहीत, एवढं ध्यानात ठेव."

त्या निघून गेल्या. लिंबानीने माझ्यावरच्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. सही त्याने मागितली नाही.

पंधरा दिवसांनी तो चिखलाने माखलेल्या बुटांनी परतला. नालिकोंबेचा वजनकाटा वर्षापूर्वीच मोडला होता. तिथली परिचारिका बाळांच्या दंडाचा घेर मोजून वहीत लिहीत होती. ती वही कुणी मागितलीच नव्हती. लिंबानीने ते आकडे माझ्यावर मांडले. सर्वांत खंगलेली बाळे तिथलीच निघाली. महिन्याभरात होडीतून नवा काटा आणि बाळांचे खाणे तिकडे गेले.

पदवीदानाच्या दिवशी बाहेर गाणी चालली होती. लिंबानीची पदवी लांबली होती; तो आत प्रबंध दुरुस्त करत होता. मॅडम उकडलेले भुईमूग घेऊन आल्या. दोघे खात बसले.

पुढे नवी इमारत झाली. वर्ग तिकडे गेले. मॅडम निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी ओल्या फडक्याने मला शेवटचे पुसले. त्यानंतर माझ्यावर एक अक्षर उमटलेले नाही. दार उघडते ते मोडकी बाके ठेवायला. लिंबानी आता तिकडे शिकवतो. एकदा तो खुर्ची न्यायला आला होता. माझ्यावरची धूळ त्याने तळहाताने पुसली आणि खुर्ची घेऊन गेला.

मित्रांनो, मला पुन्हा रंगवा असे मी म्हणत नाही. पण तुमच्या वर्गातला फळा पुसायला उठाल, तेव्हा आधी मागे वळून विचारा, "कुणाचं उतरवायचं राहिलंय का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.