झाकलेलं मेज

माघ उतरत होता. शाळू काढलेली शेतं उघडीबोडकी पडली होती, आणि त्या रित्या, रुक्ष, रवितप्त रानाच्या कडेला ते चिमुकलं देऊळ चुन्यानं माखून उभं होतं. शुभ्रवसन, शुभ्रशिखर. क्रुसावर ऊन धारदार तळपत होतं. आज देवळाला शंभर वर्षं झाली होती, आणि सगळी मंडळी नवे कपडे घालून गोळा झाली होती.

सगळे आनंदात होते, रिबकाबाई नव्हती. तिच्या पोटात आग होती, आणि ती विझावी अशी तिची मुळीच इच्छा नव्हती.

चौथ्या बाकावर ती ताठ बसली होती. जीर्णवस्त्रा, कृशांगी, कठोरमुखी. शेजारणी अंग चोरून लांब सरकल्या होत्या. आजच्या दिवशी तरी हिनं विघ्न आणलं नाही म्हणजे मिळवली, अशी पाठीमागे कुजबुज चालली होती.

गेल्या श्रावणात तिची एकुलती एक लेक, सुवार्ता, विहिरीत सापडली. पाय घसरला की जीव दिला, हे त्या नीलगहन पाण्याशिवाय कोणी पाहिलं नव्हतं. पण देवळाच्या पंचांनी ठरवून टाकलं, की जीव दिलेलीला आवारात माती मिळणार नाही. पंचांत मुख्य कोण? दानिएल. रिबकाबाईचा पाठचा भाऊ, पोरीचा सख्खा मामा. ज्यानं तिला खांद्यावर खेळवलं, त्यानंच तिला भिंतीबाहेर, बाभळीखाली, उघड्यावर पुरायला लावलं.

या देवळाची एक जुनी रीत होती. प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी मुख्य पंचानं, ज्याचं मन दुखावलं असेल त्याच्याकडून, शांती मागून घ्यायची. ती मिळाल्याखेरीज भाकरीच्या मेजावरचं वस्त्र काढायचं नाही.

पेटी थांबली. दानिएल उठला. कडक इस्त्रीचा सदरा, छातीवर शताब्दीचा बिल्ला, कपाळावर घाम. सगळ्यांदेखत त्यानं बहिणीपुढे हात जोडले.

“आक्का, शांती दे.”

“पोरीला आत घे.”

“आज नको गं. पाहुणे आलेत. मग बघू.”

“मग शांतीचंही मगच बघू.”

देवळात संताप उसळला. “काढा हिला बाहेर,” मागून एक बाई फिसकारली.

“काढा की,” रिबकाबाई मागे न वळता म्हणाली. “लेकीशेजारी जाऊन बसते.”

कोणी पुढं झालं नाही.

दानिएलचे हात अजून जोडलेलेच होते. लहानपणी हेच हात धरून तिनं त्याला नदी पार करून दिली होती. क्षणभर तिला त्याची कीव आली. मग पोरीचे ओले केस आठवले, आणि कीव आली तशी गेली. शांती द्यायची म्हणजे ती आधी जवळ असायला हवी ना!

तो मान खाली घालून परत फिरला. मेज झाकलेलंच राहिलं. शंभर वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. पाळकसाहेबांनी बायबल मिटलं आणि उपासना आटोपायला ते उभे राहिले. त्यांच्यापाठोपाठ सगळी मंडळी उभी राहिली, आतून धुमसत, एक शब्द न बोलता.

सुवार्तेला मातीआड केलं त्या दिवशी यांच्यातलं एकही माणूस तिच्यासाठी उभं राहिलं नव्हतं.

रिबकाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. सुतकात बसतात तशी ती एकटीच बसून राहिली. आणि ते मौन, ते क्रुद्ध, कठीण, चुन्याच्या भिंतींत कोंडलेलं मौन, तिनं आपल्या लेकीला वाहिलेलं मानून घेतलं.