पाठ केलेली वाक्यं

आमच्या लाँड्रीत घरचे कपडे येत नाहीत. हॉस्पिटलच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, ढिगांनी. धुणं-सुकवणं मशीनवर होतं, घड्या मात्र हातानं घालाव्या लागतात. मोठ्या चादरीला दोन माणसं लागतात. टेबलाच्या एका टोकाला मी असायचो, समोर आमची ही. कोपरे धरायचे, झटकायचं, चालत जवळ जायचं, कोपऱ्याला कोपरा लावायचा. लग्नानंतरचं आमचं बरंचसं बोलणं चादरीवरूनच झालं. मागच्या थंडीत ती गेली. तेव्हापासून जो मोकळा असेल तो समोर उभा राहतो.

मग मालक बदलले. कुठल्या चादरी डाग राहून परत आल्या, कुठलं मशीन बंद पडलं, हे आता घडीवाल्यांनी आणि इस्त्रीवाल्यांनी इंग्रजीत लिहून द्यायचं असं नव्या मालकांनी ठरवलं. ज्याला पाच वाक्यं नीट लिहिता येतील तो राहील, बाकीच्यांनी दुसरीकडे बघावं, असं सुपरवायझर साहेबांनी खाली मान घालून सांगितलं.

लेक फोनवर म्हणाली, बरंच झालं, या वयात कसल्या परीक्षा देताय, सोडा ते काम आणि माझ्याकडे या. मनापासूनच म्हणत होती. पण तिच्याकडे गेलं की मी सोफ्यावर झोपायचं आणि जावयानं माझ्यासाठी टीव्ही बंद करून आत जायचं. इथे माझी खोली आहे. हिचं कपाट आहे, हिची खुर्ची आहे. लेकीकडे माझ्या एका पिशवीपुरती जागा आहे. काम गेलं तर खोली ठेवणं जमणार नव्हतं.

शिकवायला काउंटरवरची मुलगी होती. दिवसभर आम्ही तिला पोरी म्हणायचो, काम सुटलं की बाई. पॅकिंगच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यांवर बसून वर्ग चालायचा. दिवसभर उभं राहून पाय भरून आलेले असायचे आणि बसलं की डोळे मिटायचे. ती सांगायची, पहिलं अक्षर मोठं. मग कोण, मग काय करतो, मग बाकीचं. शेवटी टिंब. मी क्रियापद नेऊन शेवटीच ठेवायचो, जन्मभराची सवय. टिंब तर विसरायचोच. ती म्हणायची, काका, वाचणाऱ्यानं श्वास कुठे घ्यायचा? पुढे स्वल्पविराम आला, तर इस्त्रीवर असणारा आमचा वाफ्या प्रत्येक शब्दानंतर एक द्यायला लागला. का, विचारलं तर म्हणाला, "दमतो माणूस."

परीक्षा जवळ आली तसं बाईच्या लक्षात आलं की असं काही आम्ही तरत नाही. तिनं पुस्तकातली पाच वाक्यं फळ्यावर लिहिली आणि पाठच करा म्हणाली. मी लाँड्रीत काम करतो. मी चादरींच्या घड्या घालतो. मला एक मुलगी आहे. माझी बायको घरी आहे. ती चांगला स्वयंपाक करते.

वाफ्याचं लग्न झालेलं नाही. मी काय लिहू, त्यानं विचारलं. तेच लिहा, ती म्हणाली. "चला, इंग्रजीत तरी संसार झाला," वाफ्या म्हणाला, आणि सगळे हसले. मग बाईचं माझ्याकडे लक्ष गेलं. हळूच म्हणाली, काका, तुम्हाला दुसरं वाक्य देते. मी नको म्हटलं. डोक्यात आणखी काही मावत नव्हतं.

घरी पाठ करायचो. रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणायचो, माय वाइफ इज ॲट होम. म्हणायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

परीक्षेच्या दिवशी पहिली तीन वाक्यं उतरली आणि हात थांबला. पेपर वाचणार होते सुपरवायझर साहेब. मागच्या थंडीत ही टेबलापाशी एकदम खाली बसली तेव्हा पाणी आणायला धावले होते ते हेच. त्यांच्यासमोर ते वाक्य कसं ठेवायचं? खूप वेळ बसलो. मग लिहिलं, माय वाइफ फोल्डेड शीट्स. घडी घातली, झालं, संपलं, असं कसं लिहायचं ते बाईनं एकदा सांगितलं होतं. तेवढ्यात वेळ संपली.

साहेबांनी कागद उभ्याउभ्याच वाचला. "चारच आहेत, काका."

"चौथं त्यांचं स्वतःचं आहे, साहेब," बाई म्हणाली. "मी दिलेलं नाही."

साहेबांनी कागद परत माझ्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "अजून एक लिहा. कसलंही चालेल."

वाफ्या दारातून म्हणाला, लिहा की, ती चांगला स्वयंपाक करते म्हणून.

"कुठला चांगला," मी म्हटलं. "मीठ विसरायची."

पेन्सिल धरून बसलो. कोण, काय करतो, मग बाकीचं. आय लिव्ह इन माय हाउस, असं लिहिलं आणि कागद परत दिला. साहेबांनी तो बाकीच्यांच्या गठ्ठ्यात ठेवला आणि उद्या नेहमीच्या वेळेला या म्हणाले.

घरी येऊन लेकीला फोन केला. पास झालो, आता येत नाही, असं सांगितलं. बाबा, तुम्ही एकटेच, एवढंच ती म्हणाली. मी हो म्हटलं. मग तिनं विचारलं, रात्री काय खाणार?

"बघतो," मी म्हटलं. आधी बूट काढायचे होते.