चौथं वाक्य

मोठ्या बाईंनी वही उघडली, एक पान वाचलं आणि वही चौथीच्या बाईंसमोर टेबलावर आपटली.

"उद्या तपासणीला साहेब आले की हे दाखवणार?"

मधली सुट्टी होती, वर्ग रिकामा होता म्हणून बरं. 'माझा रविवार' या विषयावर मुलांनी आपापलं लिहिलं होतं, फळ्यावरून उतरवून नव्हे. त्यासाठी बाईंनी दोन महिने जिवाचं रान केलं होतं. पहिल्या आठवड्यात तर छत्तीस पोरं कोऱ्या पानाकडे बघत बसली होती आणि एकाने धीर करून विचारलं होतं, "बाई, स्वतःचं म्हणजे कुणाचं?"

"मुलांनी स्वतः लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"तेच म्हणतेय मी. स्वतः लिहिलं की असं होतं. पुढच्या तासाला फळ्यावर एक चांगला निबंध लिहा आणि नव्या पानावर उतरवून घ्या. जुनी पानं काढून टाका." मोठ्या बाई दारात थांबल्या. "आणि या मुलीचं पान आधी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसल्यापासून या बाईने खडू हातात धरला नव्हता, आणि निघाली उंटावरून शेळ्या हाकायला. मुलांच्या तोंडचे शब्द काढून घ्यायचे आणि वर बोंब मारायची, की हल्लीच्या मुलांना चार ओळी लिहिता येत नाहीत.

घंटा झाली. मुलं आली, वह्या वाटल्या गेल्या. बाईंनी फळ्यावर लिहायला घेतलं तेव्हा खडू दोनदा मोडला. 'रविवार मला फार आवडतो. त्या दिवशी बाबा आम्हाला बागेत नेतात. तिथे रंगीबेरंगी फुले असतात.'

माना खाली गेल्या. मुलं इतकी मुकाट्याने उतरवू लागली की बाईंना त्यांचाही राग आला.

"बाई," मागच्या बाकावरून आवाज आला, "सगळे एकाच बागेत गेलो होतो का आपण?"

वर्ग हसला. खिडकीजवळची एक मुलगी तेवढी हसली नाही. ती हाताची घडी घालून बसली होती.

"तू का लिहीत नाहीस गं?"

"माझी वही तुमच्याकडंच आहे, बाई."

आपटलेली वही टेबलावर तशीच पडली होती. बाईंनी ती उचलली आणि मोठ्या बाईंना एवढं काय झोंबलं ते बघायला पान काढलं.

'रविवारी बाबा घरी असतात. म्हणून आम्ही हळू बोलतो. आई भांडीपण हळू घासते. धाकटा रडला की मी त्याच्या तोंडावर हात ठेवते.'

चौथ्या वाक्यातल्या एका शब्दाभोवती लाल गोल होता. खाली लिहिलं होतं: 'अक्षर सुधार. दहापैकी सहा.'

लाल शाई बाईंची होती. गुरुवारी स्टाफरूममध्ये बसून त्यांनी छत्तीसच्या छत्तीस वह्या तपासल्या होत्या, एकही वेलांटी सोडली नव्हती. मोठ्या बाईंनी पान फाडायला सांगितलं होतं, पण त्याआधी ते वाचलं तरी होतं. बाईंना स्वतःची शरम वाटली. राग होता तेवढाच होता, फक्त आता तो दुसऱ्या कुणावर काढता येत नव्हता.

त्यांनी डस्टर घेतलं आणि फळा पुसला.

"बाई, माझं उतरवून व्हायचंय!"

"राहू दे. जुनं पान उघडा आणि तुम्हीच लिहिलेलं पुढं लिहा."

मग त्या खिडकीजवळच्या बाकावर, मुलीला सरकवून, कशाबशा बसल्या. पानावरचे आपले गोल आणि गुण त्यांनी खोडले. खाली लिहिलं: 'मोठ्याने बोललं तर काय होतं?'

मुलीने शब्दांवरून बोट फिरवत ते वाचलं.

"याला किती मार्क?"

"मार्क नाहीत. मला वाचायचंय."

मुलीने दाराकडे पाहिलं, मग बाईंकडे. वही तिने जवळ ओढली आणि पेन्सिल उचलली. बराच वेळ ती खाली मान घालून लिहीत राहिली. मधेच थांबली आणि पान संपायला किती ओळी उरल्यात ते मोजू लागली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "एका पानात नाही मावायचं."