तिच्या नावाचं पाणी

पाण्याचा अंदाज ताई कोपरानं घ्यायची. बाही वर सारून लाकडी कुंडाच्या काठाशी गुडघे टेकायची, उजवं कोपर वाफेत बुडवायची आणि क्षणभर डोळे मिटायची. नोव्हेंबरचा धूसर उजेड खिडकीच्या कागदातून झिरपून तिच्या कपाळावर उतरायचा, गंधकाचा आणि ओल्या लाकडाचा वास खोलीभर दरवळत असायचा, आणि डोळे न उघडताच ती म्हणायची, "बेताचं आहे, ये." बोटांना काम करून करून चटक्याची सवय होते, कोपराला लबाडी जमत नाही, असं तिचं म्हणणं. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ताई बारा वर्षांची. चिपळूणच्या घरी बंबातल्या कढत पाण्यात विसण घालून, हेच कोपर बादलीत बुडवून तिनं मला न्हाऊ घालायला सुरुवात केली. "डोळे मीट आणि दहापर्यंत मोज," म्हणायची, आणि दहा व्हायच्या आत तांब्या माझ्या डोक्यावर रिता झालेला असायचा.

आखन हे जर्मनीतलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. ताई तिथे शिकायला गेली, तिथेच शिकणाऱ्या केंजीशी तिनं लग्न केलं, आणि दोघांनी गावाच्या कडेला चार खोल्यांची एक सराय काढली, जपानात केंजीच्या आईवडिलांची होती तशी. जमिनीवर गवती चटया, पाहुण्यासाठी सुती झगा, आणि मागच्या अंगाला झऱ्याचं पाणी खेळवलेलं लाकडाचं कुंड. कुंडाचे नियम ताईचे. आधी बुटक्या स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग तसंच विवस्त्र पाण्यात उतरायचं, घडी केलेला छोटा पंचा डोक्यावर ठेवायचा, आणि काही झालं तरी डोकं पाण्याखाली न्यायचं नाही. "पाणी सगळ्यांचं असतं," ती सांगायची. भारदस्त जर्मन पेन्शनर तिच्यासमोर शाळकरी मुलांसारखे निमूट पाठ घासत बसायचे. तुझ्या नियमांना कोपरापासून नमस्कार, असं मी म्हटलं की ती हसून "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणायची आणि साबण माझ्या हातात द्यायची. पाहुणे आत गेले की त्यांचे बूट उलट फिरवून, टोकं दाराकडे करून ठेवायचा जपानकडचा रिवाज आहे. निघताना कुणाची पंचाईत नको. माझे बूट मात्र ती कधी फिरवायची नाही. तुला कशाला जायची घाई, म्हणायची.

तिच्या या पाण्याच्या आधी दुसरं एक पाणी होतं, ते सांगायलाच हवं. लग्नाचं पत्र चिपळूणला पोचलं तेव्हा जानेवारीची सकाळ होती. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, ते उभ्यानं वाचलं, चष्मा काढून कोनाड्यात ठेवला आणि मागीलदारी विहिरीवर जाऊन अंगावरच्या कपड्यांनिशी चार बादल्या डोक्यावर ओतून घेतल्या. माणूस गेल्याची बातमी आली की आमच्याकडे असं डोक्यावरून पाणी घेतात. अण्णांनी ते जिवंत लेकीच्या नावानं घेतलं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, उत्तर मांडून खाली रेघ ओढावी तसे ओलेत्यानं आत आले आणि म्हणाले, "झालं. आता या घरात तिचं नाव नको." मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, काही लहान नव्हतो. अंग पुसायला पंचा मीच दिला.

पुढे दोन हजार चार साली मी पीएचडीसाठी त्याच गावाला निघालो, तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "तिथे आपलं कोणी नाही, लक्षात ठेव." मी हो म्हणालो आणि पहिल्याच रविवारी ताईच्या दारात उभा राहिलो. तिनं बाही वर सारली आणि कोपर पाण्यात घातलं. त्या वर्षीच्या दिवाळीत मागची खोली तिनं कुणाला दिली नाही. चार दिवस तिथली गादी उन्हाच्या कवडशात घालून ठेवली, झगा इस्त्री करून उशाशी ठेवला, वाटीत उटणं भिजवलं. मला म्हणाली, "अण्णांना सांग, खोली तयार आहे." मी सांगतो म्हणालो.

सांगितलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, चारही दिवाळ्यांत नाही. स्टेशनजवळच्या दुकानातून फोनकार्ड आणायचो, त्याचे आकडे खरवडायचो, अण्णांशी थंडीबद्दल आणि गाइडबद्दल बोलायचो आणि वेळ मारून न्यायचो. ताईनं विचारलं की म्हणायचो, बोलले नाहीत काही. हे खोटं नव्हतं, आणि त्याची मला तेव्हा शरमसुद्धा वाटली नाही. खरं कारण उघड आहे: मी भ्यायलो होतो. तिच्याकडे जातो हे कळलं तर विहिरीवर माझ्याही नावानं चार बादल्या ओतल्या जातील, ही भीती. ताई मान हलवायची, उटण्याची वाटी उचलून न्यायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा भिजवायची. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. अण्णांचा पीळ हट्टाचा होता, तिचा वाट पाहण्याचा, आणि मी दोघांच्या मध्ये नुसता बसून होतो.

चौथ्या दिवाळीनंतर ती आजारी पडली. रक्ताचा कर्करोग होता, सहा आठवड्यांत सगळं संपलं. हॉस्पिटलच्या खिडकीबाहेर बर्फ पडत होतं आणि तिचे हात चादरीवर, काम नसल्यामुळे ओशाळल्यासारखे, शांत पडलेले असायचे. मी म्हटलं, अण्णांना आज सगळं सांगतो. तिनं माझं मनगट धरलं. "आजारी आहे म्हणून नको बोलावूस. खोली तयार आहे म्हणून बोलाव." त्या दिवशी मी फोन लावला. अण्णांनी विचारलं, थंडी फार आहे का? मी म्हणालो, आहे जरा. आणि फोन ठेवून दिला.

फेब्रुवारीत ताई गेली. ती बातमी मात्र मी दिली. मरणाची बातमी द्यायला धैर्य लागत नाही, ती आपल्याआधीच जाऊन पोचलेली असते. अण्णांनी फोन खाली ठेवला. पुढचं शेजारच्या काकूंनी कळवलं. विहिरीवर बादली भरून ठेवली, गुरुजी आले, माणसं जमली, पण अण्णा जागचे हलले नाहीत. "जिवंतपणी तिच्या नावानं आंघोळ केली, ती तिला लागली," म्हणाले. "आता परत करणार नाही." त्या दिवसापासून त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं नाही. ओल्या पंचानं अंग पुसायचे, मस्तक कोरडं ठेवायचे. लोक म्हणाले, मास्तरांना वेड लागलं. मला तसं वाटलं नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीत ते आखनला आले. मीच आणलं. सत्तरीतला देह, कोटाच्या आत स्वेटर, पायात चपला आणि मोजे. दारात केंजी कमरेत वाकला आणि तसाच वाकून राहिला; अण्णांनी दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवून त्याला उभं केलं. बोलायला दोघांत भाषाच नव्हती. केंजीनं त्यांच्या चपला फिरवल्या नाहीत, टोकं आतल्या बाजूलाच राहू दिली. मागच्या खोलीत गादी घातलेली होती, झगा होता आणि वाटीत उटणंही होतं. त्याला ते कसं जमलं कोण जाणे, जरा पातळ झालं होतं.

कुंडाशी मी नियम सांगितले. ज्या माणसाला मी जन्मात उघडं पाहिलं नव्हतं, तो शांतपणे सदरा काढत म्हणाला, "तिचा नियम ना? मग पाळायचा." स्टुलावर बसवून मी त्यांना उटणं लावलं, पाठ घासली. पाठीचे मणके एकेक मोजता येत होते. केंजीनं येऊन बाही वर सारली, पाण्यात कोपर घातलं आणि ताईकडून शिकलेल्या चार मराठी शब्दांतला एक उच्चारला, "बेताचं." अण्णा त्या कोपराकडे पाहत राहिले. मग पाण्यात उतरले, गळ्यापर्यंत बसले, डोक्यावर घडीचा पंचा, मस्तक कोरडं. मी समोर बसलो. बाहेर दुपार कलत होती आणि वाफेतून त्यांचा चेहरा दिसायचा, विरायचा, पुन्हा दिसायचा.

मग ते म्हणाले, "इतकी वर्षं झाली. तिनं कधी मला बोलावलं नाही का रे?"

नाही म्हणणं सोपं होतं. त्यांच्यावर दया केल्यासारखंही दिसलं असतं. पण ताईच्या पाण्यात बसून मला ते जमेना.

"दर दिवाळीला बोलवायची," मी म्हणालो. "खोली तयार ठेवायची. सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी सांगितलं नाही."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मी आजवर थोडा सुटलो असतो. त्यांनी डोक्यावरचा पंचा काढला आणि माझ्या हातात दिला. डोळे मिटले आणि ते पाण्याखाली गेले, मस्तकासकट. दारात उभ्या असलेल्या केंजीनं ते पाहिलं आणि नजर खाली वळवली. मी दहापर्यंत मोजलं. दहाला ते वर आले, आणि चेहऱ्यावरून ओघळणाऱ्या त्या पाण्यात झऱ्याचं किती आणि त्यांचं किती, हे मी पाहायचं टाळलं. पंचा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

अण्णाही आता नाहीत. सराय बंद झाली, केंजी त्याच्या गावी परतला. आखनचं ते पाणी हजारो वर्षं जमिनीतून तसंच कढत वर येतंय म्हणतात. माझ्यापाशी राहून गेलेले ताईचे चार निरोपही अजून निवलेले नाहीत.