कुबट वासाचा बंदोबस्त

बालवाडीच्या बाईंनी फोनवर ऐकवलं, "तुम्ही गालिचा धुऊन गेलात आणि इथे पोरं नाक धरून बसलीयेत!" शनिवारी पुन्हा धुऊन द्या, नाहीतर मी दुसरं कोणीतरी बघते, म्हणाल्या. आमचं हे पहिलंच मोठं काम. माझ्या नणंदेनं तर या धंद्यापायी चांगली नोकरी सोडलेली. काम हातचं गेलं असतं तर तिला घरात सगळ्यांनी बोलून बोलून बेजार केलं असतं.

"वहिनी, गालिचाच जुना आहे," ती म्हणाली. "पाण्यात थोडं अत्तर टाकू."

"अत्तरानं कुबट वास जातो होय? एकाचे दोन वास होतात!" मी खेकसले.

माझा संशय आमच्या गालिचे धुण्याच्या यंत्रावर होता. घाण पाणी ओढून घेणाऱ्या टाकीचं झाकण उघडलं मात्र, शी! मला उमासेच यायला लागले. जाळीवर केसांचा लगदा, नळीत चिखल, तळाला बुळबुळीत थर.

"रोज रिकामी करतेस ना गं ही?"

"करते की! बाहेरून पुसते, झाकणही घट्ट लावते. धूळ नको जायला."

मी कपाळावर हात मारला. ही आमची टापटिपीची राणी! उघडा डबा दिसला तर हिला घास गिळत नाही. ओली टाकी रोज प्रेमानं कोंडून ठेवत होती, आणि तोच वास आम्ही घरोघरी वाटत होतो.

तिचा चेहरा पडला. "माझ्यामुळेच झालं ना सगळं?"

"मी तरी कधी आत डोकावले? रड नंतर. आधी ब्रश आण."

जाळी घासली, टाकी खरवडली, नळीतून गरम पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडत राहिलो. मग सगळं उघडंच उन्हात ठेवलं, चांगलं दोन दिवस. जाता-येता तिचे हात झाकणाकडे वळायचे. "हात लावलास तर बघ!" मी ओरडायचे.

शनिवारी गालिचा धुतला आणि पंखे लावून वाळवला. बाई आल्या, गुडघ्यांवर बसल्या, नाक टेकवून चारही कोपरे हुंगले.

"वा! काही म्हणजे काही वास नाही," बाई उठत म्हणाल्या. "वरच्या चार खोल्या सोमवारी कराल?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात नणंद पुढे झाली. "मंगळवारी येऊ, बाई. प्रत्येक कामानंतर यंत्र धुऊन दोन दिवस वाळवतो आम्ही. त्याशिवाय बाहेर काढत नाही."

बाई हसल्या. "बरं, मंगळवारी या."