मुकी काळी चार

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. माझी काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी, मुकी आहे. ती का मुकी आहे, हे सांगायलाच आज मी तोंड उघडलं आहे.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर, लाल मातीत एक मिशन होतं. तिथल्या पत्र्याच्या चर्चमध्ये माझं आयुष्य सुरू झालं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलींना आईबापांपासून तोडून मिशनमध्ये ठेवत. त्यांना आपली भाषा बोलायची बंदी होती. माझ्याभोवती उभ्या राहून त्या परक्या भाषेतली स्तोत्रं गात. एकीचा आवाज तर थेट माझ्या काळी चारवर येऊन बसायचा. ती तापाने गेली. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण तिच्या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव घेत नसत. पण मिशनच्या बाई रोज तोच सूर वाजवीत आणि मुली कानांवर हात ठेवीत. शेवटी तिच्या मैत्रिणीने, डोराने, आपल्या फ्रॉकची कड फाडली, तिची घडी शिवली आणि त्या पट्टीखाली सरकवली. सूर गप्प झाला. तो तसाच ठेवायचा, असा मी डोराला मनोमन शब्द दिला.

पुढे मिशन उठलं आणि तिथे त्याच लोकांचं छोटंसं गाव झालं. त्यांनी ती पट्टी कधी दुरुस्त केली नाही. मग चर्चचं छप्पर बदलायला आलेल्या एका साहेबाने कुणाला न विचारता मला उचललं. नोकरीसाठी अबूधाबीला येताना त्याने मला बरोबर आणलं आणि १९९७ साली परत जाताना दुबईतल्या ऊद मेथाच्या वसंतरावांना विकून टाकलं.

इथे माझे फार लाड झाले. इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला वसंतरावांची मुलगी उर्वी नाट्यगीत म्हणणार होती, तेही काळी चारमध्ये. म्हणून एका शुक्रवारी शारजाहून खैरुद्दीन पेटीवाला आला.

"कपडा अटका है, भाभी. दो मिनट, खलास!" म्हणत त्याने चिंधी ओढली.

सूर लागला, पण थांबेचना. पट्टीवर बोट नसलं तरी भाता हलला की तो बारीक सुरू व्हायचा. मी तो आवाज ओळखला. तो तापाने गेलेल्या त्या मुलीचा होता.

उर्वी गाता गाता थांबली. "आई, समवन इज क्राइंग इनसाइड."

"अब क्या करें? परसों प्रोग्रॅम है," वसंतराव वैतागले. "निकाल ही दो वो सूर."

खैरुद्दीनने पेचकस उचलला. माझ्या हातून शब्द मोडणार होता. तेवढ्यात उर्वीच्या आईने, सुलभाताईंनी, जमिनीवरची चिंधी उचलली. त्या घरी शिवणाचे क्लास घेत.

"थांबा हो! ही अडकलेली नाही. चारही बाजूंनी धावदोरा घातलाय, शेवटी दोन गाठी. लहान मुलीचे टाके आहेत हे. कुणीतरी मुद्दाम ठेवलीय."

"अगं, पण कार्यक्रमाचं काय?"

"उर्वी पांढरी पाचमध्ये गाईल. अर्धा सूर खाली, एवढंच ना?"

त्यांनी स्वतःच्या बोटांनी चिंधी जागेवर बसवली. घर शांत झालं.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. मित्रांनो, जुन्या वस्तूत काही बंद पडलेलं दिसलं, तर हत्यार उचलण्याआधी विचारा, हे बिघडलं आहे की कुणी जपून ठेवलं आहे? आणि ती वस्तू कुठून आली, तेही विचारा. डोरा हयात असली तर आता म्हातारी झाली असेल. पेटी परत हवी का, हे तिला अजून कुणीच विचारलेलं नाही.