खांबावरच्या रेघा

मी माळावरचा उभा दगड बोलतोय. जरा सावकाशच बोलेन, कारण माझं निम्मं आयुष्य झोपेत गेलं आहे.

मला उभं कोणी केलं, ते अंधुक आठवतं. माणसांनी मला टेकडीवरून ओंडक्यांवर सरकवत आणलं, खड्डा खणला आणि दोरांनी ओढून उभं केलं. सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते. मग ती माझ्याभोवती गप्प उभी राहिली. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे ती माणसं गेली, त्यांची भाषाही गेली. धुकं यायचं, मेंढरं अंग घासून जायची. एका वादळात मी आडवा झालो आणि गवताखाली गाढ झोपलो.

जाग आली ती एका गवंड्याच्या पहारीनं. तो स्वतःचं घर बांधत होता. आयता खांब मिळाला म्हणून खूश झाला आणि मला स्वयंपाकघरात तुळईखाली उभं करून मोकळा झाला. कुठे तो मोकळा माळ आणि कुठे हा चुलीचा धूर! पण खरं सांगू? मला तिथे करमलं. माळावर नुसता वारा होता, इथे माणसांचं बोलणं होतं.

गवंड्याच्या सुनेला दोन मुलं. वर्षातून एकदा ती त्यांना माझ्याशी पाठ टेकवून उभं करायची आणि डोक्याशी खिळ्यानं रेघ ओढायची. थोरली टाचा उचलून लबाडी करायची. धाकट्याला तर क्षणभर स्वस्थ उभं राहवायचं नाही, म्हणून त्याची रेघ वाकडीच यायची. थोरलीच्या रेघा वर चढत गेल्या. धाकटा एका तापात गेला. त्याची शेवटची रेघ आईच्या कमरेशीच राहिली. त्यानंतर कामं करता करता, येता-जाता, तिचा हात तिथे टेकायचा. मला त्या हाताची सवय लागली.

वर्षं गेली. आई म्हातारी झाली. माझी एक बाजू झाकणाऱ्या भिंतीचा गिलावा पडला आणि माळावरच्या त्या पहिल्या माणसांनी माझ्या अंगावर कोरलेली जुनी वर्तुळं उघडी पडली. संशोधक आले. माळावरचा खड्डा त्यांना आधीच सापडला होता, त्यातला दगड तेवढा हरवला होता. त्यांनी मला परत मागितलं, आईनं नाही म्हटलं नाही. त्यांनी तुळईखाली दुसरा खांब दिला आणि मला अंगणात आडवं निजवलं.

दुरुस्तीचं काम एका तरुण बाईकडे होतं. तिचा नियम साधा होता, माळावरचं ते ठेवायचं आणि घरातलं ते काढायचं. काजळी गेली, चुना गेला, तेलकट डाग गेले. मग रेघा बुजवायला तिनं दगडाच्या भुकटीचा लगदा कालवला. तेव्हा मला भीती वाटली. दगडाला कसली आलीय भीती, असं म्हणू नका.

आई चहा घेऊन आली होती. लगद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ही खालची तेवढी ठेवशील का? माझा मुलगा एवढा होता."

बाईनं लगदा बाजूला सारला. एकही रेघ बुजवली नाही, वर साहेबांची बोलणीही खाल्ली.

मग मला माळावर नेलं. क्रेननं मी अर्धा खड्ड्यात उतरलो आणि बाईचा चेहरा पडला. तिनं सगळी मापं घेतली होती, पण रेघा कुठे येतील ते पाहिलंच नव्हतं. थोरलीच्या उंच रेघा वर राहणार होत्या. धाकट्याची शेवटचीही मातीत जाणार होती.

तिनं क्रेन थांबवली. "काकू, चुकलं माझं. थोडा उथळ बसवला तर रेघ वर राहील. पण मग एखाद्या वादळात हा पुन्हा पडेल."

आई जवळ आली. टांगलेल्या माझ्या अंगावर तिनं नेहमीच्या जागी तळवा ठेवला.

"पडायला नको," ती म्हणाली. "नीट निजू दे त्याला. सोड खाली."

आता मी पुन्हा माळावर उभा आहे. लोक येतात, वर्तुळांचे फोटो काढतात, अर्थावरून वाद घालतात आणि जातात. मी ऐकतो, पेंगतो. कधी कधी संध्याकाळी आई येते. माझ्याभोवती बांधलेली दोरी ओलांडून कष्टानं खाली बसते, माझ्या पायाशी गवतावर हात ठेवते. बघणाऱ्यांना वाटतं, म्हातारी दमली.

बाबांनो, माझ्यासाठी काही करू नका. ती दोरी फक्त जरा लांब बांधा. तिला तिथे बसायला जागा लागते.